गस्तीवरच्या जोडीतला दुसरा पोलीस

पोलिसावर हल्ला झाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. शिक्षा कडक करा, पोलिसांना हत्यारं द्या, खाकीचा धाकच राहिला नाही, असं दोन-चार दिवस बोललं जातं. मंत्री रुग्णालयात जाऊन येतात, कुटुंबाला मदत जाहीर होते आणि विषय बाजूला पडतो. एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: त्या वेळी त्या पोलिसाचा जोडीदार कुठे उभा होता, कुठे बघत होता, आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत दोघं एकमेकांशी काय बोलले होते? रस्त्यावरच्या पोलिसाचा जीव ज्या गोष्टींवर टिकून असतो, त्यांत मी या बोलण्याला सगळ्यात वर ठेवते. कायद्याच्या कलमाच्या वर, कमरेच्या पिस्तुलाच्याही वर. आणि महाराष्ट्रात याच गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईत खारला २३ ऑगस्ट २०१६ रोजी काय घडलं ते आठवा. वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी पेट्रोल पंपाजवळ एका अल्पवयीन मुलाला अडवलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. शिंदे यांनी गाडीची चावी काढून घेतली. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावलं. भाऊ आला, वाद झाला आणि शिंदे यांच्या डोक्यात दांडका बसला. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचं निधन झालं. सगळी मुंबई हळहळली. हेल्मेटची कारवाई ही पोलिसाच्या दिवसातली सगळ्यात साधी कामगिरी, आणि तिच्यात एक माणूस गेला.

या घटनेतला एक टप्पा मला अस्वस्थ करतो. चावी काढून घेतल्यापासून भाऊ येईपर्यंतचा मधला वेळ. नाकाबंदीवर उभा राहिलेला कुठलाही पोलीस हा टप्पा ओळखतो. अडवलेला माणूस फोन काढतो, दोन पावलं बाजूला जातो, आवाज खाली करून बोलतो, आणि मग त्याची भाषा बदलते. पावती करणाऱ्याचं डोकं मशिनमध्ये असतं. गाडीचा नंबर, फोटो, परवाना. फोन कुणाला गेला, आता कोण येणार, कुठल्या बाजूने येणार, हे बघण्याचं काम त्याला एकट्याला जमणारं नाही. ते दुसऱ्याचं काम आहे, आणि ते दुसऱ्याचं आहे हे दोघांमध्ये आधी ठरलेलं असायला हवं. खारला त्या दिवशी कोण कुठे होतं याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण शिंदे यांच्या मृत्यूनंतर वाहतूक पोलिसाने एकट्याने चावी काढून घ्यावी का, फोन गेल्यावर पुढे काय करावं, जोडीदाराला काय सांगावं, यावर जेवढं बोलणं व्हायला हवं होतं त्याच्या दहाव्या हिश्शानेही झालं नाही. बोलणं झालं ते शिक्षेवर.

शिक्षा वाढलीही. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात बळाने अडथळा आणण्याचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ महाराष्ट्राने सुधारलं आणि दोन वर्षांची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आली. या चढ-उताराने रात्री दीड वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या जिवाला काय फरक पडला? दारूच्या नशेत दगड उचलणारा माणूस कलम आठवून थांबत नाही. कलम नंतरचं काम करतं. त्याची गरज आहेच. पण घाव बसण्याआधीचं काम कुणी करायचं?

हीच गल्लत २६ नोव्हेंबर २००८ नंतर फार मोठ्या प्रमाणावर झाली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत एकाच क्वालिस गाडीत मारले गेले. त्यानंतर वर्षानुवर्षं महाराष्ट्र एकाच गोष्टीवर बोलत राहिला: करकरेंचं बुलेटप्रूफ जॅकेट. ते कसल्या दर्जाचं होतं, कुठे गेलं, फाईल कुणी हरवली. तो प्रश्न खोटा नव्हता. निकृष्ट जॅकेट खरेदी करणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा होता. पण त्या गल्लीतला त्याहून मोठा प्रश्न जॅकेटचा नव्हता. दहशतवादी नेमके कुठे आहेत, कुठल्या दिशेने निघालेत, रुग्णालयात जखमी होऊन अडकलेले अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते मदत मागताहेत ती कुणापर्यंत पोचली, कुमक कुठल्या दाराशी पाठवायची, हे सगळं त्या रात्री नियंत्रण कक्षाच्या बिनतारी यंत्रणेवरून चाललेलं होतं. हे बोलणं कुठे तुटलं ते कळावं म्हणून कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांना माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या संभाषणाच्या नोंदी मिळवाव्या लागल्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी मागितलं काय, तर कोण कुणाशी कधी काय बोललं याचा हिशेब. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात योग्य प्रश्नावर बोट ठेवलं ते त्यांनीच. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही आखून दिलेली कार्यपद्धती त्या रात्री पाळली गेली नाही हे नोंदवलं.

त्याच रात्रीचा दुसरा भाग बघा. क्वालिसमध्ये मागे जखमी अवस्थेत पडलेले शिपाई अरुण जाधव. आजूबाजूला सहकाऱ्यांचे मृतदेह, पुढे बसून गाडी चालवणारे दोन दहशतवादी. ते गाडी टाकून निघून गेल्यावर जाधव यांनी बिनतारी संचावरून नियंत्रण कक्षाला काय घडलं ते कळवलं. स्कोडा गाडी हिसकावल्याची खबर आली, तिची माहिती पोलीस ठाण्यांना गेली, आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलिसांच्या नाकाबंदीला आपण कुठल्या गाडीची वाट बघतोय हे आधीच माहीत झालं. गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली. पोलीस तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. एका बाजूला गोळीबार झाला आणि अबू इस्माईल मारला गेला. दुसऱ्या बाजूला सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली ती सोडली नाही; आणि त्या काही सेकंदांत बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडलं. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस, आधी सैन्यात नोकरी केलेला, हातात फक्त काठी. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्यांच्या धैर्याबद्दल महाराष्ट्र कायम ऋणी राहील.

पण धैर्याबद्दल बोलताना आपण एक गोष्ट सांगायची विसरतो. धैर्य दोन्ही ठिकाणी होतं. रंगभवनच्या गल्लीतल्या माणसांमध्ये ते चौपाटीवरच्या माणसांपेक्षा रतीभरही कमी नव्हतं. फरक माहितीचा होता. एका ठिकाणी समोर नेमकं काय येणार हे आतल्यांना पुरतं कळलेलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी गाडी कुठली आणि आत किती जण हे कळलेलं होतं, आणि माणसं दोन बाजूंना वाटून उभी होती. एका जखमी शिपायाचं बोलणं वेळेत पोचलं, म्हणून ओंबळे यांच्या बलिदानाचं चीज झालं.

त्यानंतर सरकारने २००९ मध्ये फोर्स वन हे दहशतवादविरोधी कमांडो पथक उभारलं, गस्तीच्या बोटी आल्या, चिलखती गाड्या आल्या, नवी हत्यारं आली. हे सगळं हवंच होतं. मात्र बंदूकधारी दहशतवादी मुंबईच्या रस्त्यावर उतरण्याची रात्र विरळा. मोटारसायकलवरून दोघं जण गस्त घालतात ती रात्र मात्र दररोज येते, राज्याच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात येते. त्या दोघांसाठी काय बदललं?

जगात या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी आधी शोधलं त्यांनी त्यासाठी मोठी किंमत मोजली. अमेरिकेत सॅन डिएगो शहरातल्या एका बागेत १४ सप्टेंबर १९८४ रोजी दोन पोलीस अधिकारी मारले गेले. कारण क्षुल्लक होतं: बागेत दारू पिणाऱ्यांवर कारवाई. पावती लिहिण्याचं काम चालू असतानाच गोळ्या सुटल्या. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी गस्तीवरच्या जोडीची कामं स्वच्छ वेगळी केली. एक जण बोलणार, झडती घेणार, लिहिणार. दुसरा यातलं काहीही करणार नाही. तो थोडं अंतर ठेवून, कोन साधून उभा राहील आणि फक्त बघेल. हात कुठे आहेत, खिशाकडे कोण जातंय, मागून कोण येतंय. मदत लागली तर वायरलेसवर तोच बोलेल. काम बदलायचं असेल तर तोंडाने सांगून बदलायचं: आता तू बोल, मी बघतो. पुढे ही पद्धत अनेक देशांच्या पोलिसांनी उचलली. तिला पैसा लागत नाही, जादा माणसं लागत नाहीत. लागते ती फक्त सवय.

आपल्याकडे ज्याने गल्लीत क्रिकेट खेळलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. चेंडू फलंदाजाच्या मागे गेला की धाव घ्यायची की नाही हे समोरचा सांगतो, कारण त्याला दिसतंय. ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘थांब’, आणि तेही मोठ्याने. मारणारा कितीही मोठा खेळाडू असला तरी त्या वेळी समोरच्याचं ऐकावं लागतं, नाहीतर धावबाद.

आता आपल्या रस्त्यावर काय दिसतं? शहरातल्या कुठल्याही मोठ्या चौकात रात्री नाकाबंदीजवळ दहा मिनिटं उभं राहून पाहावं. एक गाडी अडवली जाते. एक पोलीस कागदपत्रं मागतो. दुसराही कुतूहलाने तिथेच येतो, त्याच खिडकीत वाकतो. किंवा दुसरा त्याच वेळी दुसरी गाडी अडवतो आणि पहिल्याकडे पाठ करतो. तिसरा बॅरिकेडला टेकून मोबाईलवर. आळशीपणा म्हणून मी हे सांगत नाही. सकाळच्या बंदोबस्तानंतर पुन्हा रात्री उभं केलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? पण दोघांची डोकी एकाच खिडकीत वाकलेली असतात त्या वेळी त्यांच्या पाठीमागचा सगळा रस्ता कुणीच बघत नसतं, आणि हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नसतं.

नाक्यापेक्षा घरातलं भांडण अधिक धोक्याचं. ११२ वर कॉल येतो: शेजारी नवरा-बायकोचं भांडण चालू आहे, मारहाण होतेय. गाडीतल्या किंवा दुचाकीवरच्या यंत्रावर पत्ता येतो, दोघे मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, पोचतात. तिसरा मजला, अरुंद जिना, दिवा गेलेला. दार उघडं. आत दोन खोल्या. बाई रडतेय, नवरा ओरडतोय, सासू मध्ये, पोरं दाराआड. पहिला पोलीस स्वाभाविकपणे नवऱ्याला बाहेर गॅलरीत घेतो. दुसरा बाईचं म्हणणं ऐकायला तिच्यामागे आत जातो. आत म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात. जिथे विळी आहे, सुरी आहे, तवा तापलेला आहे. दोघांमध्ये आता भिंत आहे. एकाला काही झालं तर दुसऱ्याला ते आवाजावरूनच कळणार, आणि आवाज तर आधीपासूनच चाललेला आहे. हे टाळायला काय लागतं? जिन्यावर घेतलेली अर्धी मिनिट. ‘दादा, तुम्ही नवऱ्याशी बोला, मी उंबऱ्यावर थांबतो, मला दोघंही दिसली पाहिजेत. बाईंना बाहेरच्या खोलीत बसवू, आत नको.’ एवढंच. ही दोन वाक्यं त्या जिन्यावर बोलली जातात की नाही, यावर त्या दोघांचं घरी परत जाणं अवलंबून असू शकतं. बाईचं आणि नवऱ्याचंही, कारण घाबरलेल्या पोलिसाचा हात लवकर उठतो.

आपल्या माणसांना हे जमत नाही असं अजिबात नाही. पुण्यात कोथरूडला जुलै २०२३ मध्ये रात्रगस्तीवरच्या अंमलदारांनी दुचाकी चोरण्याच्या प्रयत्नात असलेल्या तिघांना हटकलं आणि पकडलं. पुढे उघड झालं की त्यांच्यातले दोघे राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले, दहशतवादाच्या गुन्ह्यातले फरार आरोपी होते. वाहनचोर समजून ज्यांना हटकलं ते असे निघाले. तिसरा घराच्या झडतीसाठी कोंढव्याला नेत असताना निसटला, आणि काही महिन्यांनी दिल्ली पोलिसांच्या हाती लागला. या कामगिरीचं कौतुक झालं ते रास्तच होतं. मला मात्र ती घटना आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. समोर कोण आहे हे गस्तीवरच्या पोलिसाला आधी कधीच माहीत नसतं. हेल्मेट नसलेला पोरगा आणि बॉम्ब बनवायला शिकलेला माणूस एकाच आविर्भावात ‘काय झालं साहेब?’ म्हणतो. म्हणून ‘साधी केस आहे’ असं गृहीत धरून सवय मोडता येत नाही. तीन माणसं आणि दोन पोलीस असले की कुमक आधी मागवायची आणि प्रश्न नंतर विचारायचे, हा नियम चोरासाठीही तोच आणि दहशतवाद्यासाठीही तोच असला पाहिजे. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. कुमक मागितली म्हणून पोलीस ठाण्यात चेष्टा होत असेल, तर ती चेष्टा बंद करणं हे ठाणेप्रमुखाचं काम आहे.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. आपल्याकडे जोडीतले दोघे बरोबरीचे नसतात. एक हवालदार असतो, दुसरा नवा शिपाई. एक वीस वर्षं नोकरी केलेला, दुसरा प्रशिक्षण केंद्रातून नऊ महिन्यांनी बाहेर पडलेला. त्या नऊ महिन्यांत कवायत आणि सलामी अंगात भिनते, आणि त्याबरोबर वरच्यापुढे तोंड उघडायचं नाही हेही भिनतं. मग जो बघतोय त्याला धोका दिसला तरी तो बोलणार कसा? हवालदारसाहेबांना ‘मागे व्हा’ म्हणायचं? फौजदाराला ‘साहेब, एक मिनिट थांबा, मला हे बरोबर वाटत नाही’ म्हणायचं? आपल्या खात्यात या वाक्याला उद्धटपणा म्हणतात.

विमान कंपन्या या रोगातून गेल्या आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटावर धावपट्टीवर दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. धावपट्टी अजून मोकळी झालेली नसावी अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनियरने उड्डाणाच्या धावेतच बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी दोन्ही बाजूंना शिकवणी लावली: कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि वरिष्ठाने ते ऐकून उत्तर द्यायचं. हुद्दा जागच्या जागी राहिला. कॅप्टन कॅप्टनच राहिला. फक्त सुरक्षेची सूचना देताना हुद्दा आड येणार नाही एवढं ठरलं.

पोलीस दल हे शिस्तीवर चालणारं दल आहे, तिथे असं चालणार नाही, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकलाय. त्यावर महाराष्ट्रातलंच उदाहरण देते. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांची पाळी कशी बसवता येईल याचं गणित मांडलं होतं एका शिपायाने. आयुक्तांनी ते ऐकून घेतलं, तपासलं, राबवलं. त्याने मुंबई पोलिसांची शिस्त बिघडली का? उलट जागरणाने डोळे जड झालेला माणूस काय बघणार आणि काय बोलणार, हा प्रश्न त्यामुळे पहिल्यांदा गांभीर्याने घेतला गेला. पुढे ही पद्धत सगळीकडे टिकली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बारा-चौदा तासांच्या पाळीनंतर जोडीदाराकडे लक्ष ठेवण्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

खालच्याने वरच्याला थांबवण्याची मुभा केवळ पोलिसाला वाचवते असं नाही. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉईड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. त्या वेळी तिथे चार पोलीस होते. त्यांच्यातल्या एका नव्या अधिकाऱ्याने, त्याला कुशीवर वळवायचं का, असं विचारलं होतं. वरिष्ठाने नाही म्हटलं. विचारणारा गप्प बसला. एक माणूस गेला आणि चौघेही पोलीस तुरुंगात गेले. त्या नवख्याला प्रश्नापुढे जाऊन ‘उठा, मी त्याला वळवतोय’ एवढं म्हणण्याची सवय लावलेली असती, तर ते पाचही जीव वेगळ्या ठिकाणी असते. न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस खात्याने याच्या चार वर्षं आधी, २०१६ मध्ये, सहकाऱ्याला चूक करण्याआधी अडवण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं होतं. जोडीदाराला अडवणं म्हणजे त्याची नोकरी, त्याचं घर वाचवणं, अशा शब्दांत तिथे हे पटवून दिलं जातं. आपल्या कोठड्यांमध्ये आणि चौक्यांमध्ये ज्या वेळी एखाद्याचा हात सुटतो, त्या वेळी शेजारी दुसरा पोलीस बहुतेकदा उभाच असतो. त्याला आत कुठेतरी हे चुकतंय असं वाटतही असतं. ‘साहेब, बस करा’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघावेत म्हणून खात्याने काही केलंय का? नागरिक म्हणून मला पोलिसाच्या सुरक्षिततेची जेवढी काळजी आहे तेवढीच त्याच्या ताब्यातल्या माणसाचीही आहे, आणि या दोन्ही काळज्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात: जोडीतला दुसरा बोलतो की नाही.

यावर ठाणेप्रमुख म्हणतील, माणसंच नाहीत, जोड्या कुठून आणू? अडचण खरी आहे. कुणी सणाच्या बंदोबस्ताला, कुणी कोर्टात आरोपी घेऊन, कुणी समन्स बजावायला, कुणी आजारी रजेवर. रोजच्या ड्युटी वाटपात जो उरेल त्याला दुसऱ्या उरलेल्याबरोबर बसवलं जातं. बऱ्याच ठिकाणी एका शिपायाबरोबर एक होमगार्ड देऊन जोडी पूर्ण केली जाते. होमगार्डच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला वायरलेसवर नीट संदेश द्यायला कुणी शिकवलेलं नाही, ज्याच्या हातात काठीपलीकडे काही नाही, त्याला रात्री दोन वाजता एका पोलिसाच्या पाठीचा राखणदार नेमणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. तरीही मी म्हणेन की जोडी टिकवायला जादा माणसं लागत नाहीत. तीच दोन माणसं सलग तीन-चार महिने एकत्र ठेवता येतात. त्यांना एकमेकांच्या हालचाली कळू लागतात, एकाचा आवाज बदलला की दुसऱ्याला अंदाज येतो, कुणाला लवकर राग येतो आणि अशा वेळी कुणी पुढे व्हायचं हे न सांगता ठरतं. रोज नवी चिठ्ठी उचलल्यासारखा जोडीदार मिळाला तर यातलं काहीच घडत नाही.

खात्याला मोजायची हौस पुष्कळ आहे. कॉल आल्यापासून किती मिनिटांत पोचलात हे मोजलं जातं. गस्तीच्या ठिकाणचे क्यूआर कोड किती वाजता स्कॅन केले हे मोजलं जातं. पावत्या किती केल्या हे तर मोजलं जातंच. त्या सगळ्या आकड्यांसाठी मार्शल धावत असतात, आणि एक स्कॅन चुकू नये म्हणून जोडीतला एक पुढे जातो, दुसरा मागून येतो, असंही होतं. आकडा पूर्ण होतो आणि मधली वीस मिनिटं दोघे एकेकटे असतात. गस्त मोजायचीच असेल तर जोडी शेवटपर्यंत एकत्र राहिली का, हे सगळ्यात आधी मोजा.

करायचं काय, हे अवघड नाही. हजेरीच्या वेळी बंदोबस्ताच्या सूचना वाचून दाखवतात, त्यातच पाच मिनिटं काढून प्रत्येक जोडीने आज बोलणारा कोण आणि बघणारा कोण हे ठरवावं. प्रशिक्षण केंद्रात जिना, चाळीतली खोली, रिक्षा, पेट्रोल पंप असे खोटे प्रसंग उभे करून जोडीने सराव घ्यावा, त्यात मुद्दाम नव्या शिपायाला बघणारा आणि जुन्या हवालदाराला बोलणारा करावं, आणि शिपायाने ‘थांबा’ म्हटल्यावर हवालदार थांबला नाही तर हवालदाराला पुन्हा सराव लावावा. दामिनी आणि निर्भया पथकांतल्या महिला अंमलदारांना हा सराव आधी मिळायला हवा, कारण जमाव त्यांच्याशी वेगळ्या उद्दामपणे वागतो आणि तो उद्दामपणा कधी हाताला येतो हे बघायला दुसरी नजर लागतेच.

आणि पोलिसावर हल्ला झाला की गुन्हा दाखल करण्याबरोबर आणखी एक टिपण तयार व्हावं. त्यात कुणाला दोषी धरायचं नाही, कुणाची खातेनिहाय चौकशी लावायची नाही. जोडी होती का, कोण कुठे उभं होतं, काय बोललं गेलं, कुमक कधी मागितली आणि कधी आली, एवढंच त्यात लिहायचं. नावं वगळून ते टिपण राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात पाठवायचं आणि हजेरीला वाचायचं. पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने हे सुरू होऊ शकतं. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणायला नको, निविदा काढायला नकोत. पुढच्या अधिवेशनात पोलिसांवरच्या हल्ल्यांवर लक्षवेधी लागेल तेव्हा एखाद्या आमदाराने गृहमंत्र्यांना एवढंच विचारावं, की अशी टिपणं कधीपासून लिहायला घेणार.